टाके निघाले, पुढे काय?

गेल्या पावसाळ्यात एक तरुण माझ्याकडे आला. वय सव्वीस-सत्तावीस, बदनापूर तालुक्यातला. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया काढणाऱ्या एका मिलमध्ये कामाला होता. सात महिन्यांपूर्वी त्याचा उजवा हात यंत्रात सापडला. ऑपरेशन उत्तम झाले होते. हाडे जुळली होती, जखमा भरल्या होत्या, पाचही बोटे जागेवर होती. पण हात लाकडासारखा ताठ.

"हात वाचला म्हणले सगळे, पण साहेब, मूठच वळंना," तो म्हणाला.

टाके काढल्यानंतर कुठे दाखवले, असे विचारले तर तो सोबत आलेल्या मेव्हण्याकडे पाहू लागला. मेव्हणा म्हणाला, "पुढं कुठं जायचं असतं, हे कोणी सांगितलंच नाही."

मी जालन्यात फिजिओथेरपीचा व्यवसाय करतो आणि हे वाक्य मी किती वेळा ऐकले, याची मोजदाद ठेवलेली नाही. पोलादाच्या भट्ट्या, रोलिंग मिल, जिनिंग असा आपल्या गावाचा पसारा. त्यामुळे चेंगरलेले हात आणि भाजलेली अंगे आम्हाला नवी नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये येथील एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगार जखमी झाले, तेव्हा आठवडाभर सगळे गाव त्याविषयी बोलत होते. पण अपघाताची बातमी होते, नंतरच्या आठ महिन्यांची होत नाही. माणूस कामावर परततो की कायमचा घरी बसतो, हे बहुतेक वेळा त्या आठ महिन्यांतच ठरते.

हाताचेच पाहा. मार लागला की सूज येते. हात खाली लोंबत राहिला तर ती वाढते आणि हळूहळू सांध्यांभोवती डिंकासारखी घट्ट बसते. म्हणून हात छातीच्या वर ठेवायचा, मोकळी बोटे पहिल्या दिवसापासून हलवायची आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी परवानगी देताच बाकीची हालचाल सुरू करायची. दुखते म्हणून हात गळ्यात बांधून महिनाभर बसलेला रोगी पुढे वर्षभर त्याची किंमत मोजतो. भाजलेल्या कातडीचे याहून कठीण. ती भरताना आखडते. कोपर, काख, मान ओढली जाते. रात्रीचे स्प्लिंट, घट्ट बसणारे कपडे, रोजचा व्यायाम हे सारे महिनोन्‌महिने चालते. बरे वाटू लागले की लोक नेमके हेच सोडतात. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलांचे तर विचारूच नका, टाके निघाले की ती गावाकडची गाडी धरतात.

परदेशात अशा जखमी कामगारामागे एक माणूस नेमण्याची पद्धत आहे. तो उपचार करत नाही की खटला लढत नाही. डॉक्टर, विमा, कारखाना आणि घर या चौघांत तो दुवा म्हणून फिरतो. पुढची तारीख कधी, व्यायाम होतो का, कागद कुठे अडला, हलके काम मिळेल का, एवढेच तो बघत राहतो. त्याची गरज का पडते, ते ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांच्या संघटनेने दिलेल्या आकड्यांवरून कळते: २० दिवस कामापासून दूर राहिलेला माणूस परतण्याची शक्यता ७० टक्के, ४५ दिवसांनंतर ५०, आणि ७० दिवसांनंतर अवघी ३५ टक्के. आपल्याकडे मोठ्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमण्याची कायद्याने सक्ती आहे. पण आमच्याकडे येणारी बरीच मंडळी गुत्तेदाराकडची. त्यांचा कल्याण अधिकारी म्हणजे मेव्हणाच!

तर मेव्हण्याला निदान पैशाचे काही ठाऊक असावे. पगारातून ई.एस.आय.ची कपात होत असेल, तर कामावर झालेल्या अपघातात उपचार मोफत होतात. शिवाय डॉक्टर कामाला अयोग्य ठरवतील तितके दिवस सरासरी रोजाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. कामावर रुजू होऊन एकच दिवस झाला असला तरी तो मिळतो. कायमचे अपंगत्व राहिले तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाप्रमाणे दरमहा रक्कम मिळते. मात्र अपघाताची नोंद झालेली हवी. "घरी पडला" असे दवाखान्याच्या कागदावर एकदा लिहिले गेले, की पुढचे सगळे दार बंद होऊ शकते.

ई.एस.आय. नसेल तर मालकाकडून नुकसानभरपाई. याचा कायदा १९२३ चा; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. त्यात अंगांचा तक्ताच दिला आहे: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरतात, तर्जनी पूर्ण गेल्यास १४, मधले बोट १२. बोटे जागेवर असूनही हात निकामी झाला असेल, तर किती टक्के ते डॉक्टर तपासून ठरवतात. म्हणजे न वळणाऱ्या मुठीलाही भरपाई आहे. कामगार गुत्तेदाराचा असला तरी मूळ कारखानदाराकडे मागता येते. दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा.

आमच्या या तरुणाने वीस हजार रुपये घेऊन "आता काही मागणे नाही" अशा बाँडवर डाव्या हाताचा अंगठा दिला होता. तेवढ्यावर सगळे संपले असे घरच्यांनी धरले. पण भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. हे मी सांगितले, तेव्हा मेव्हणा दोन मिनिटे काही बोललाच नाही.

मग त्याला एक साधी फाईल करायला सांगितली. दवाखान्याचे पहिले कागद, एक्स-रे, औषधाच्या पावत्या, हजेरी किंवा पगाराचा काही पुरावा, अपघात पाहणाऱ्या दोघांची नावे आणि मागच्या पानावर तारखांची यादी. ही फाईल घरातल्या एकानेच सांभाळायची. चौघांनी सांभाळली की ती हमखास हरवते!

हलक्या कामाचाही एक अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी मनगट मोडलेला एक कामगार माझ्याकडे येत होता. "पूर्ण बरा झाला की ये," असे मिलमधून उत्तर आले. मी मुकादमाला फोन केला. त्याला काय उचलता येते आणि काय नाही, हे एका कागदावर लिहून पाठवले. त्याला सळयांच्या बंडलांना पट्टी लावण्याचे काम मिळाले, सुरुवातीला चार तास. तारेची गाठ मारता मारताच त्याची पकड परत आली. माझ्या रबरी चेंडूने ते इतक्या लवकर झाले नसते, हे कबूल करतो.

बदनापूरच्या तरुणाला उशीर झाला होता. तरी रोज गरम पाण्यात हात, मग मेणाचा शेक, मग एकेक सांधा सोडवणे असे सहा महिने चालले. बायको घरी ज्वारीचे पीठ त्याच्याकडून मळून घ्यायची. वकिलाने दावा दाखल केला आहे, फाईल मेव्हण्याकडे आहे. परवा त्याने सदऱ्याची गुंडी स्वतः लावून दाखवली. सांडस मात्र अजून धरता येत नाही.