मैत्रीची सोडत

दिल्लीच्या द्वारकेत एकामागून एक सेक्टर सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांनी भरलेले आहेत. सोसायटीत कोणत्या सभासदाला कोणता फ्लॅट, हे सहसा दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सोडतीत ठरतं. म्हाडाच्या सोडतीत घर लागलं की नाही ते कळतं. द्वारकेत घर पक्कं असतं, चिठ्ठीतून निघतो तो शेजार. आणि मानसशास्त्रज्ञांचं ऐकायचं तर त्याच चिठ्ठीतून तुमचे जिवलगही निघतात!

‘आमचे स्वभाव जुळले’ असं आपण मोठ्या खात्रीनं सांगतो. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी १९५० साली या खात्रीला सुरुंग लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकायला आलेल्या विवाहित माजी सैनिकांसाठी अमेरिकेत एमआयटीनं ‘वेस्टगेट वेस्ट’ ही वसाहत केली होती. १७ दुमजली इमारती, प्रत्येकीत १० घरं. पसंतीला वाव नव्हता. रिकामं होईल ते घर घ्यायचं. रहिवाशांना विचारलं, तुमचं जास्त येणंजाणं कुणाकडे? लगतच्या शेजाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांची नावं घेतली. मधे एक घर आलं की आकडा २२ वर. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १०. हे अंतर नव्वद फूटही नव्हतं! तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख, कारण वरची माणसं त्यांच्याच दारावरून जायची.

बरं, मैत्री व्हायला बोलणं तरी लागतं ना? आवड निर्माण व्हायला तेही लागत नाही. रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच या मानसशास्त्रज्ञांनी एका वर्गासाठी दिसायला साधारण सारख्या चार तरुणींची योजना केली. एक त्या वर्गात कधीच गेली नाही. बाकीच्या अनुक्रमे ५, १० आणि १५ तासांना जाऊन नुसत्या बसल्या. कुणाशी चकार शब्द नाही. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा येऊन बसली होती, ती जास्त आवडली. पुन्हा पुन्हा दिसणारं मनाला निर्धोक वाटू लागतं, आणि निर्धोक ते हळूहळू आवडू लागतं.

पण शेजाराला दुसरी बाजूही आहे. कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीवरच्या, १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मित्र जवळचे निघालेच. नावडती माणसं त्याहून जवळची निघाली. पार्किंगवरून हुज्जत घातलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

मुंबईच्या बीडीडी चाळीत एका मजल्यावर २० खोल्या, मधून एकच बोळ, संडास सामायिक. तिथं ओळख टाळणंच कठीण. द्वारकेतल्या टॉवरात तसं नाही. लिफ्ट दारापाशी सोडते आणि दार बंद होतं. लिफ्टमध्ये असेपर्यंत मोबाइल सोबतीला असतोच. माझ्या मते एकटेपणाचं खापर आपण माणसांच्या स्वभावावर फार फोडतो आणि इमारतीच्या नकाशाला उगाच सोडून देतो.

तेव्हा नव्या सोसायटीत राहायला गेलात आणि कुणी आपलंसं वाटेना, तर स्वतःला घुमा ठरवू नका. आठवडाभर एकाच वेळी, एकाच बाकावर जाऊन बसा. पहिले काही दिवस बोलला नाहीत तरी चालेल.