सरळ अंतर आणि वाटेचे अंतर

भोरपासून वेल्हे किती लांब आहे? या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

पहिले उत्तर अक्षांश-रेखांशांवरून काढू. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याला ३६० ने भागले की अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर होतात. रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जातात; म्हणून आपल्याकडे, १८ अंशांवर, रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरच भरतो. भोर साधारण १८.१५ उत्तर, ७३.८४ पूर्व, वेल्हे १८.३० उत्तर, ७३.६४ पूर्व. म्हणजे वेल्हे भोरच्या उत्तरेस सुमारे १७ व पश्चिमेस २१ किलोमीटर आहे. पायथागोरसच्या सिद्धांताने १७ व २१ यांच्या वर्गांची बेरीज ७३०. तिचे वर्गमूळ २७. हे झाले सरळ अंतर.

नसरापूरमार्गे रस्त्याने मात्र पन्नासएक किलोमीटर पडतात. सरळ रेषेच्या आड भाटघरचा जलाशय आणि राजगडाची डोंगररांग येते. रस्ता त्यांना वळसा घालतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने उडणारा पक्षी ४० मिनिटांत पोहोचेल. ताशी सरासरी ३० किलोमीटर वेगाच्या एस.टी.ला १ तास ४० मिनिटे लागतील.

मग विमानाला तरी सरळ वाट मिळते का? पुणे ते दिल्ली सरळ अंतर सुमारे ११५० किलोमीटर आहे. (एवढ्या अंतरासाठी सपाट नकाशा चालत नाही, पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजावे.) ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर दीड तासाच्या आत संपायला हवे, वेळापत्रकात मात्र दोन तासांहून थोडे अधिक असतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, ठरलेल्या हवाईमार्गाने वळणे, उतरण्यासाठी थांबणे, यांत उरलेला वेळ जातो. वाराही हिशेबात येतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. म्हणून मुंबईहून लंडनला जायला परतीपेक्षा अधिक वेळ लागतो.

हा फरक केवळ गणितापुरता नाही. शिक्षणहक्काच्या महाराष्ट्रातील २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर ही शाळेच्या अंतराची मर्यादा आहे. हे अंतर पट्टीने मोजले तर मधला ओढा आणि चढ नकाशावरच राहतात; ते ओलांडावे लागतात मुलांना.

वर्गात हे करून पाहा. प्रत्येकाने घर ते शाळा हे सरळ अंतर नकाशावरून काढावे. मग चालताना पावले मोजून वाटेचे अंतर काढावे आणि त्याला सरळ अंतराने भागावे. भोर-वेल्ह्यासाठी हा भागाकार सुमारे १.८५ येतो. पावसाळ्यात पुन्हा मोजा. ओढ्याला पूर आल्यावर कोणाचा आकडा वाढतो, ते फळ्यावर लिहा.