गुडघ्याचे दुखणे : रुग्णाच्या सांगण्याचे मोजमाप

क्ष-किरण चित्रात गुडघ्याची झीज स्पष्ट दिसावी आणि रुग्णाची मात्र फारशी तक्रार नसावी, किंवा चित्र जवळजवळ निर्दोष असूनही जिना चढणे त्यास नकोसे व्हावे, असे अनेकदा आढळून येते. उपचाराचा लाभ किती झाला, हे म्हणूनच ज्याचा गुडघा दुखतो त्यालाच विचारावे लागते. परंतु ‘आता बरे आहे’ एवढ्या उत्तरावरून तुलना करता येत नाही. याकरिता प्रश्नावल्या तयार करण्यात आल्या.

त्यांपैकी ‘कूस’ ही प्रश्नावली एवा रूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. (हे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे आहे, मराठीतील कुशीशी त्याचा संबंध नाही.) तीत ४२ प्रश्न असून वेदना, अन्य लक्षणे, दैनंदिन हालचाली, खेळ व श्रमाच्या हालचाली आणि जीवनमान असे पाच विभाग आहेत. गेल्या आठवड्याचा अनुभव ध्यानी घेऊन रुग्णाने प्रत्येक प्रश्नास पाचांपैकी एक पर्याय निवडावयाचा असतो. त्रास मुळीच नसल्यास शून्य, पराकाष्ठेचा असल्यास चार गुण. पुढे शंभराच्या पट्टीवर मांडताना हा क्रम उलटतो : १०० म्हणजे त्रासमुक्त गुडघा. वेदनेच्या नऊ प्रश्नांचे अधिकात अधिक ३६ गुण होतात. रुग्णाचे १८ आल्यास त्या विभागाचा अंक ५०. विभागांचे अंक वेगवेगळे ठेवतात, हे योग्यच होय. वेदना शमली, पण उकिडवे बसता येत नाही, ही गोष्ट एकूण बेरजेत दडून गेली असती.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००९ पासून गुडघेबदल शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर रुग्णांकडून अशी उत्तरे घेण्यास प्रारंभ केला. तेथे १२ प्रश्नांची ‘ऑक्सफर्ड’ प्रश्नावली वापरली जाते.

आपल्याकडे मात्र नुसते भाषांतर पुरे पडत नाही. मोजे घालणे, मोटारीतून उतरणे, बाथटबमध्ये शिरणे हे ‘कूस’मधील प्रश्न चुलीपुढे बसून भाकरी थापणाऱ्या वा शेतात वाकून खुरपणी करणाऱ्या स्त्रीला काय विचारणार? कॅनडात तयार झालेल्या ‘वोमॅक’ या जुन्या प्रश्नावलीची भारतीय राहणीस अनुरूप अशी आवृत्ती पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेने केली, ती याच कारणाने महत्त्वाची वाटते.

वाचता न येणाऱ्यास प्रश्न वाचून दाखवावे लागतात. तेव्हा वाचणाऱ्याने उत्तर सुचवू नये, आणि आईच्या वतीने मुलानेही देऊ नये. कोरे राहिलेले उत्तर शून्य धरावयाचे नसते, कारण शून्याचा अर्थ त्रास नाही असा होतो. विभागातील निम्मे तरी प्रश्न सोडविलेले असल्यास ‘कूस’मध्ये तेवढ्यांचीच सरासरी काढतात, अन्यथा त्या विभागाचा अंक देत नाहीत.