सुई काढल्यानंतरचे दिवस

मानेच्या मुळाशी, खांद्याच्या वरच्या कडेला बोट दाबले असता जी हरभऱ्याएवढी ताठर गाठ हाताला लागते आणि जिच्यातून उठणारी कळ थेट कानशिलापर्यंत चढते, त्या गाठीत बधिरतेचे औषध टोचण्याच्या उपचाराला व्यवस्थित रूप देण्याचे श्रेय मुख्यतः जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन महिला डॉक्टरांकडे जाते. १९५५ पासून जॉन केनेडी यांच्या पाठीच्या दुखण्यावर त्यांनी उपचार केले, आणि केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १९६१ साली, त्याच त्यांच्या अधिकृत वैद्य म्हणून नेमल्या गेल्या. परंतु इंजेक्शन देऊन त्या थांबल्या नाहीत. एका बुटाच्या टाचेखाली उंचवटा बसवून आणि बसायला झुलती खुर्ची सुचवून, स्नायूला रोज छळणारी कारणेही त्यांनी हुडकून काढली.

हा उत्तरार्धच आपल्याकडे दुर्लक्षिला जातो. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत इंजेक्शन होते, चिठ्ठी हातात पडते आणि घरी काय करावे हे विचारायचे राहून जाते. लिग्नोकेन या बधिरतेच्या औषधाचा अंमल काही तासांचा. तेवढ्यात खांदा हलका झालेला पाहून कोणी पाण्याच्या बादल्या उचलतो, कोणी माळ्यावरची ट्रंक उतरवतो. अंमल ओसरला की टोचलेली जागा ठणकू लागते, आणि उपचार वाया गेला असे मानून रुग्ण हताश होतो. वस्तुतः सुई स्नायूच्या ताठ तंतूंत वारंवार फिरवलेली असते, त्या सूक्ष्म जखमांचा हा ठणका आहे. एक ते तीन दिवसांत तो बहुधा निवतो. सुईने पडणारा उतार केवळ औषधावरच अवलंबून नाही, असे कारेल लेविट या चेक वैद्याने १९७९ साली दाखवले होते: औषधाविना टोचलेल्या कोरड्या सुईनेही अनेकांना उतार पडला.

पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा, जागा रगडू नये. पुढे कोमट शेक सुखावतो. तीन-चार दिवस जड ओझे वर्ज्य, मात्र अंथरूण धरून राहणेही तितकेच अहितकारक. औषधात स्टेरॉइड मिसळले असल्यास मधुमेह्याची साखर काही दिवस चढू शकते, तेव्हा तपासणीत कसूर नको. ताप आला, जागा लाल होऊन सूज वाढली, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि मान, खांदा वा छातीच्या भागात सुई घेतल्यावर धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे, कारण तेथे फुप्फुस फार जवळ असते.

ठणका उतरला की ताण देण्यास आरंभ करावा. खुर्चीवर ताठ बसून दुखऱ्या बाजूच्या हाताने बैठकीची कड धरावी, मान विरुद्ध खांद्याकडे कलती करावी, कळ न येता केवळ ओढ जाणवेल तेथे थांबून पाच दीर्घ श्वास घ्यावेत, आणि मग मान सावकाश पूर्ववत आणावी.