बारा वाजता सावली पायाखाली येते का?

वारंगा फाट्यावर एसटीची वाट पाहणारी माणसं उन्हाळ्यात लिंबाच्या सावलीबरोबर सरकत राहतात. सकाळी खोडाच्या पश्चिमेला ठेवलेली पिशवी उन्हं कलली की पूर्वेला आलेली असते. हे बघून कडेवरच्या लेकरानं काही विचारलं, तर त्याला खरं उत्तर मिळायला हवं. अडचण अशी, की आपण मोठी माणसंच बरंच काही चुकीचं सांगत असतो.

'बारा वाजले की सावली पायाखाली' हे त्यातलं पहिलं. फाट्यावर सावली पूर्ण पायाखाली येते ती वर्षातून दोनदाच, १७ मे आणि २६ जुलैच्या आसपास. आणि तीही बाराच्या ठोक्याला नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. वारंगा त्याच्या सुमारे ५ अंश पश्चिमेला, म्हणून इथली खरी मध्यान्ह सरासरी २० मिनिटं उशिरा होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती बारानंतर चार-पाच मिनिटांत होते, फेब्रुवारीत साडेबारा उलटतात. डिसेंबरच्या अखेरीस तर ऐन मध्यान्हीही १ मीटरच्या काठीची सावली ९३ सेंटीमीटरच्या आसपास पडते.

'दुपारची सावली उत्तरेलाच पडते' हेही अर्धंच खरं. मे ते जुलैच्या त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य मध्यान्ही आपल्या उत्तरेला असतो. २१ जूनला तीच काठी दक्षिणेकडे जेमतेम ७ सेंटीमीटर सावली टाकते. अगदी नेमक्या पूर्वेला सूर्य उगवतो तोही २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारासच.

लहान मुलं चित्रात सावलीला डोळे, नाक काढतात. रागावू नका. भिंतीवर हाताची सावली पाडून दाखवा आणि त्यात बोटांवरची नखं शोधायला सांगा. तिथं उजेड पोचलाच नाही, हे त्यांचं त्यांनाच उमगतं.

एक गैरसमज मात्र जिवावर बेतणारा आहे: 'सावलीत बसलं की ऊन लागत नाही.' बातम्यांत सांगतात ते ४२ अंश सावलीतलंच तापमान असतं. वेधशाळेचा तापमापक हवा खेळती राहील अशा झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. लिंबाची पानं बाष्प सोडतात, म्हणून त्याखाली बरं वाटतं. तापलेला पत्रा वरून उष्णता फेकतो, त्याखाली लेकराला बसवू नका.

मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, म्हणून हा धडा घरच्यांनीच द्यायचा. १७ मेला सव्वाबाराच्या थोडं आधी अंगणात पाण्यानं भरलेली बाटली उभी करा. मुलांच्या डोक्यावर टोपी असू द्या, सूर्याकडे थेट बघू देऊ नका. पाच मिनिटं सावलीवर नजर ठेवा आणि लगेच घरात या.