कात्री आधी कानात

व्हिडिओ एडिटिंग शिकायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती सुरुवातीला पुरते. शिकायचा असतो तो आवाज. लग्नाच्या व्हिडिओत चर्चची घंटा आधी ऐकू येऊ द्या, नवरी २ सेकंदांनी दिसू द्या. हा जे-कट. चित्र बदललं तरी मागचा आवाज चालूच राहिला, तर एल-कट. टाइमलाइनवर तुकडे त्या इंग्रजी अक्षरांसारखे दिसतात, म्हणून ही नावं. हे हाताला बसलं की ओळखीतल्या कुणाचं तरी फुटेज मागून घ्या आणि ३ मिनिटांत बसवा, तेही गाण्याची मलमपट्टी न करता! काम देणारा हाच नमुना बघतो. पैसे ठरवताना दुरुस्त्या किती वेळा करून देणार, तेही लिहून ठेवा. नाहीतर नवरीच्या मावशीचे फोन महिनाभर येतात.