जळका वास : आधी सॉकेट, मग बॅटरी

विद्युत मोटारीतून जळका वास येऊ लागला की मालकाची शंका सर्वांत आधी बॅटरीवर जाते, आणि २०२२च्या जूनमध्ये वसईत पेटलेल्या विद्युत मोटारीची दृश्ये ज्यांनी पाहिली त्यांच्या बाबतीत ते स्वाभाविकही आहे. परंतु वास चार्जिंगच्या वेळी येत असेल तर पहिली तपासणी गाडीची नव्हे, तर ती ज्या सॉकेटवर चार्ज होते त्या सॉकेटची व्हायला हवी, कारण साऱ्या विद्युतमार्गातला सर्वांत कच्चा सांधा बहुधा तिथेच असतो.

वासाची जात ओळखली की अर्धे निदान होते. थंडीत पहिल्यांदा हीटर लावल्यावर येणारा धुळीचा वास थोड्याच वेळात विरतो. सडक्या अंड्यांसारखा वास आल्यास दिवे आणि कुलपे चालवणारी १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होत आहे असा संशय घ्यावा. गोडसर वास शीतकातील ग्लायकॉलच्या गळतीचा असू शकतो. मासळीसारखा वास मात्र यांहून वेगळा आणि अधिक सांगणारा आहे. स्विच आणि सॉकेट ज्या युरिया-फॉर्माल्डिहाइडसारख्या कडक प्लास्टिकचे घडवतात, ते तापून विघटित होऊ लागले की त्यातून अमाइन जातीची, म्हणजे नायट्रोजनयुक्त आणि उग्र वासाची, संयुगे बाहेर पडतात. ज्या घरात मासळी शिजत नाही तिथे हा वास लगेच खटकतो. कोकणपट्टीतल्या घरांत तो स्वयंपाकघराच्या खाती जमा होऊन दुर्लक्षिला जाण्याची भीती अधिक.

या तापण्यामागचा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१मध्ये मांडला : वाहकात दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग आणि वाहकाचा रोध यांच्या गुणाकाराइतकी असते. घरगुती ३.३ किलोवॉट चार्जर २३० व्होल्टवर सुमारे १४ अँपिअर प्रवाह घेतो, आणि सॉकेटमधला स्क्रू किंचित सैल असल्याने तिथे केवळ ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तरी त्या इवल्याशा जागी सुमारे २० वॉट उष्णता साठू लागते. लहान सोल्डरिंग आयर्नची शक्ती साधारण एवढीच असते. गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, त्यामुळे तोच सैल जोड त्याच्या वाट्याला आला तरी वर्षानुवर्षे निभावून जातो. उलट ३० किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी पूर्ण भरायला नऊ-दहा तास लागतात आणि त्यातला बहुतेक काळ प्रवाह कमी होत नाही. तापलेल्या सॉकेटमधल्या पितळी पट्ट्यांची पकड सैल होते, पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो आणि वाढलेल्या रोधाने उष्णता आणखी वाढते. जुन्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या तारा असल्यास हे अधिक वेगाने घडते.

येथे एका सर्वसाधारण गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. ‘काही बिघडले असते तर एमसीबी पडला असता,’ असे अनेक जण म्हणतात. पण एमसीबी फक्त प्रवाहाचे प्रमाण पाहतो, आणि सैल जोडात प्रवाह नेहमीचाच असतो. गळती ओळखणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरणही गप्प राहते, कारण प्रवाह जमिनीकडे वळलेला नसतो. सामान्य पीव्हीसी आवरणाच्या तारा ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असतात; ती मर्यादा ओलांडली गेल्याचे या दोन्ही उपकरणांना कळत नाही, नाकाला कळते.

दुरुस्ती जाणत्या वायरमनकडून, मेन स्विच बंद करूनच करून घ्यावी. काळवंडलेले सॉकेट बदलून काळवंडलेला प्लग तसाच ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण खडबडीत झालेली पिन नव्या सॉकेटलाही लवकरच निकामी करते. तारेचा काळा भाग चकाकते तांबे दिसेपर्यंत कापावा, टोकाला थिंबल दाबून बसवावे आणि मीटरपासून चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची, उत्तम अर्थिंगची स्वतंत्र लाइन घेऊन तिच्यावर औद्योगिक पद्धतीचे सॉकेट लावावे. एक्स्टेन्शन बोर्डाला या व्यवस्थेत स्थान नाही. नव्या लाइनची वाट पाहताना, जुना जोड तपासून घट्ट केलेला असेल तर, गाडीत सोय असल्यास प्रवाह ८ अँपिअरवर आणावा. जूलच्या नियमाने उष्णता सुमारे एक-तृतीयांश उरते.

घाटात येणारा वास मात्र सॉकेटचा नसतो. महाबळेश्वरला बॅटरी शंभर टक्के भरून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरणारी गाडी, भरलेली बॅटरी आणखी वीज स्वीकारू शकत नसल्याने, मोटरच्या साहाय्याने वेग रोखू शकत नाही आणि सारा भार यांत्रिक ब्रेकवर येतो. डोंगरावर बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरणे हा त्यावरचा सोपा उपाय. वास एकाच चाकाजवळून येत असेल तर पावसाळ्यात गंजून अडकलेला कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, तपासावा.

गाडीच्या आतील नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात, त्यांना मालकाने हात लावू नये. बॅटरीतील दोष बाहेरून दिसतही नाही : २०२१मध्ये शेव्हरोले बोल्टच्या सर्व गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्याचे कारण सेलमधला फाटलेला ॲनोड-पट्टा आणि दुमडलेला विभाजक पडदा एकाच सेलमध्ये आढळणे हे होते. द्रावकासारखा गोड वास, फुसफुस आणि पांढरा धूर एकत्र आढळल्यास सामान न काढता सर्वांना बाहेर काढावे, दूर जावे आणि १०१ क्रमांकावर कळवताना गाडी विद्युत आहे हे आवर्जून सांगावे.

नव्या गाडीच्या मालकांना विनंती एवढीच, की चार्जिंग सुरू केल्यावर तासाभराने प्लगच्या बाहेरील प्लास्टिकला तळहाताची मागची बाजू लावून पाहावी; कोमट लागल्यास चिंता नाही, हात ठेववत नसल्यास प्लगला न ओढता आधी गाडीतून चार्जिंग थांबवावे, मेन स्विच बंद करावा आणि त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.